रजईतलं पीठ

गल्लीत त्याला सगळे शेगडीकाका म्हणत. पाठीमागे नुसतं शेगडी. त्याला दोन्ही चालायचं. हे नाव त्याला हॉस्पिटलच्या बॉयलरखान्यात पडलं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्याची तिथंच गेली. कोळसा लोटायचा, वाफेचा काटा बघायचा, राख उपसायची की पुन्हा कोळसा. त्याच्या वाफेवर पलीकडचं धुलाईघर चालायचं आणि अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी उकळत्या पाण्यात गटांगळ्या खायच्या. निवृत्त होताना कुणाला घड्याळ मिळतं, कुणाला शाल मिळते. शेगडी मात्र बॉयलरची आचच अंगात भरून घरी घेऊन आला होता. ऐन थंडीत बनियनवर गॅलरीत उभा राहून दाढी करायचा. त्याने हातात धरून दिलेला पेपर कोमट लागतो, असं शेजारपाजारचे शपथेवर सांगायचे.

बायकोचं सगळं उलटं. तिचे पाय बारा महिने गार. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून रात्री अंथरुणावर टेकली की ती आपली दोन्ही पावलं त्याच्या पोटऱ्यांना लावून मोकळी व्हायची. तो दचकायचा, "मेलो गं" म्हणायचा, पण पाय काढून घ्यायचा नाही.

बायको त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होती. तिथली मेट्रन इंग्लंडहून आलेली, उंच, शिडशिडीत बाई. तिला दुपारच्या चहाबरोबर मनुकांचा बन लागायचा, आणि स्वतः खायचा म्हणजे पेशंटलाही मिळाला पाहिजे, असा तिचा खाक्या. पण सगळ्या पेशंटना नाही. जो उठून बसायला लागला, ज्याच्या जिभेला चव आली, त्यालाच. त्यामुळे ट्रेमध्ये बन आला की पेशंट समजून जायचा, आता आपल्याला घरी सोडणार. काही जण तर बन बघून रडायचे.

अडचण एवढीच होती की स्वयंपाकघर बर्फासारखं गार. फरशी दगडी, खिडक्या उंच, उन्हाचा कवडसा नाही. यीस्ट घातलेलं पीठ तिथं रुसून बसायचं. शेवटी मेट्रनने हुकूम काढला, पिठाचं पातेलं बॉयलरखान्यात नेऊन ठेवा. ते न्यायचं काम आलं स्वयंपाकघरातल्या सगळ्यात नव्या मुलीवर.

"हात लावायचा नाही," ती मुलगी पातेलं ठेवता ठेवता बॉयलरवाल्याला म्हणाली.

"मी लावतो म्हणालो का?"

"कोळशाची धूळ पडता कामा नये."

"मग फडकं घाल."

"घातलंय. दिसत नाही?"

"दिसतंय. मग मला कशाला सांगतेस?"

पीठ फुगायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ ती मुलगी बॉयलरखान्यात बसायला लागली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायकांनी ओळखायचं ते ओळखलं. पातेलं भट्टीजवळ ठेवायचं नाही, मागच्या भिंतीशी फळीवर ठेवायचं, हे शेगडीने स्वतःच्या डोक्याने शोधून काढलं. बोटाने हलकेच दाबायचं, खळगा सावकाश भरून आला की समजायचं, तयार. हे तिने शिकवलं. पुढे मेट्रन तिच्या देशी गेली, ह्यांचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, आणि दोघं निवृत्त होऊन शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. दोन खोल्यांत बॉयलर कुठला. पण पहिल्याच थंडीत बायकोने बन करायला घेतले आणि इकडंतिकडं बघत पिठाचं पातेलं सरळ नवऱ्याच्या रजईत सरकवलं.

"हे काय?"

"पडून राहा. तुम्हाला सवय आहे."

तेव्हापासून शनिवार ठरून गेला. सकाळी बायको मनुका, काळ्या मनुका आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल कोमट चहाच्या पाण्यात भिजत टाकायची. मग दूध, लोणी, अंडं, दालचिनी, जायफळ घालून पीठ मळायची. असं मळायची की ओट्यावरचे चमचे नाचायचे. पातेलं हॉस्पिटलचंच, इनॅमलचं, पांढरं, निळ्या काठाचं, एका जागी टवका उडालेलं. जेवणं झाली की शेगडी भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळायचा, गुडघे पोटाशी घ्यायचा, आणि बायको त्या खोबणीत ओल्या फडक्याने झाकलेलं पातेलं ठेवून वरून रजई खोचायची. मग तो हलायचा नाही. उशाशी बारीक आवाजात रेडिओ. मधूनच हात आत घालून फडक्याखाली एक बोट दाबायचा. चहाच्या सुमाराला त्याची हाक यायची, "उठलं गं." एवढ्या एका हाकेसाठी तो आठवडाभर बाकीची सगळी बोलणी ऐकून घ्यायचा.

खालचा शिंपी जिभेचा तिखट. मशीन थांबवून वर तोंड करून ओरडायचा, "काकू, झाली का सुटका? कळा सुरू झाल्या असतील एव्हाना."

"तुमची टेप घेऊन या वर," काकू वरून सांगायच्या. "पोटाचा घेर मोजायचाय."

गॅसवरच्या पत्र्याच्या जुन्या ओव्हनमध्ये बन भाजून झाले की पहिला शिंप्यालाच जायचा, वरून साखरेच्या पाकाने चकाकणारा, हातात धरवणार नाही इतका गरम. तो खाताना मात्र काही बोलायचा नाही.

त्या वर्षी थंडी नेहमीसारखीच होती. पण शेगडीला ती वाजली. आधी बोटांची टोकं, मग पावलं, मग थेट कमरेपर्यंत. त्याला वाटलं, जाईल. ती गेली नाही. तो बायकोच्या नकळत दोन-दोन मोजे घालू लागला. दाढी आत मोरीत करू लागला. जिना चढताना मध्ये उभा राहून भिंतीवरचे पोपडे बघितल्यासारखं करू लागला. आणि रात्री बायकोचे पाय जवळ आले की "गुडघा दुखतोय गं" म्हणून पलीकडे सरकू लागला. तिच्या पायांचा गारवा आता त्याला लागतच नव्हता. गार गाराला काय लागणार? पण तिला त्याचा लागला असता.

पीठ मात्र फसत नाही. एका शनिवारी चहाची वेळ झाली, टळली, तरी पातेल्यात ठेवला होता तेवढाच गोळा. बायकोने वाकून बघितलं.

"यीस्ट जुनं दिलंय मेल्याने," ती म्हणाली आणि तडक वाण्याकडे भांडायला गेली. वाणी म्हणाला, काकू, कालच आलंय. ती म्हणाली, काल तुमच्याकडे आलंय, जन्मलं कधी ते सांगा. दुसरं पाकीट आणलं, कोमट पाण्यात साखर घालून भिजवलं, तर वाटीभर फेस. यीस्टमध्ये काही खोट नव्हती. मग तिने पिठाला नावं ठेवली. मग खिडकीच्या फटीला. नंतर गॅसवाल्यालाही ठेवली, त्याचा काय संबंध होता देव जाणे. नवऱ्याला मात्र तिने एका शब्दाने नाव ठेवलं नाही. शेगडीवर संशय घ्यायचा हे तिच्या मनाला शिवलंच नाही. सूर्य गार पडला असेल असं कुणाच्या मनात येतं का?

त्याला हेच लागलं. तिने बोल लावला असता तर बरं झालं असतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुलीने नवा ओव्हन पाठवला. विजेचा, चकचकीत, भलंथोरलं खोकं. फोनवर मुलगी म्हणाली, "आई, त्यात पीठ फुगवायची वेगळी सोय आहे. बटण दाबलं की आत नुसतं कोमट राहतं. बाबांना उगाच दुपारभर जखडून ठेवू नकोस."

"माझा ओव्हन पलंगावर आहे," बायको म्हणाली. "हा राहू दे खोक्यात."

खोकं कपाटाशेजारी उभं राहिलं. शेगडी पलंगावरून त्याच्याकडे बघायचा. पीठ आणखी दोन शनिवार बसलं तर ते खोकं उघडणार, हे त्याला न सांगता कळत होतं. ओव्हनशी त्याचं वैर नव्हतं. पण गुडघ्यांमुळे पिशव्या उचलणं गेलं होतं, बाजार गेला होता, दिव्याचा बल्ब बदलणंसुद्धा शिंप्याकडे गेलं होतं. शनिवार तेवढा उरला होता. तोही गेला की मग माणूस नुसता पडून राहणार. नुसतं पडून राहिलेल्यांचं पुढे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. जन्मभर त्याने त्यांच्याच चादरी उकळल्या होत्या. आपण गार पडत चाललोय हे बायकोला कळलं की ती हात धरून हॉस्पिटलात नेणार, आणि आपणही एका चादरीखाली जाणार, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मग त्याला माळ्यावरची रबरी पिशवी आठवली. मुलगी लहान असताना तिचं पोट शेकायला आणलेली, गरम पाण्याची.

पुढच्या शनिवारी बायको मनुका आणायला खाली गेली तेवढ्यात त्याने स्टुलावर चढून ती काढली. उतरल्यावर किती तरी वेळ धापा टाकत बसला. दुपारी ती भांडी घासत होती तेव्हा गुडघा शेकायचं निमित्त करून चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी मागून घेतलं, पिशवी भरली आणि रजईत पातेल्याच्या पलीकडून लावून दिली. बॉयलरपासून पातेलं कुठं ठेवायचं हे ज्याने शोधून काढलं, त्याच माणसाने उकळत्या पाण्याला इनॅमल चिकटवलं. घाई झाली की माणूस आपलंच शिकलेलं विसरतो.

चहाच्या वेळेला त्याने हाक दिली, "उठलं गं." उठलं होतं खरं, पण एकाच अंगाने.

बन भाजून निघाले आणि बायको ट्रेकडे बघतच राहिली. अर्धे बन टम्म फुगलेले, अर्धे नुसत्या चकत्या, हातात घेतले तर दगड. शिंपी वर आला होता. त्याने एक हा उचलला, एक तो उचलला.

"काकू, ह्यातले सख्खे कुठले आणि सावत्र कुठले?"

"खायचं तर खा."

"मला सावत्रच दिलात वाटतं दरवेळी."

त्या रात्री पातेलं घासताना तिला एका बाजूला चिकट, शिजलेला पापुद्रा सापडला. नखाने खरवडला, वास घेतला. धुलाईघरात चादरींना घालायच्या खळीसारखा वास होता. कच्च्या पिठाची पातेल्यातच खळ कशी होईल? तिने नवऱ्याकडे बघितलं. तो रेडिओचं बटण फिरवत होता, आणि रेडिओ बंद होता.

पुढच्या शनिवारी ती काही बोलली नाही. पातेलं नेहमीसारखं खोचून ठेवलं, भांडी घासायला घेतली, किटली मागितली तर दिली. फक्त नळ जरा कमी सोडला, म्हणजे बाहेरचं ऐकू यावं.

तिला फार वेळ थांबावं लागलं नाही. "हात् तिच्या," असा बारीक आवाज आला, मग रजईची धडपड. ती पदराला हात पुसत बाहेर आली. शेगडी उठून बसला होता. पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. खाली चादरीवर भलामोठा ओला डाग, आणि तो बघता बघता पसरत होता. इतकी वर्षं माळ्यावर वाळलेलं रबर शेवटी घडीवर फाटलं होतं. पिशवी त्याने मांडीखाली दाबून धरली होती आणि चेहरा असा केला होता की बघवेना.

बायकोने डागाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

तो खाली मान घालून म्हणाला, "झालं माझ्याकडून."

"काय झालं?"

"आता काय तोंडाने सांगू? वय झालं. कळलंच नाही."

तिने वाकून चादरीवर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अहो," ती म्हणाली, "एवढं कढत कुणाचं असतं?"

त्याने पातेलं आणखी घट्ट धरलं.

"आणि असलं, तर मग पीठ न फुगायला काय झालं?"

शेगडीच्या पोटातून एक विचित्र आवाज आला. हसू होतं की रडू, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पातेलं हातात हिंदकळायला लागलं तसं तिने ते काढून घेऊन टेबलावर ठेवलं. मग मांडीखालून पिशवी ओढून काढली, लोंबती, पाणी गाळणारी, आणि मेलेल्या उंदरासारखी शेपटीला धरून बादलीत टाकली.

"पोळलात का कुठे?"

"नाही. चादरीवरच गेलं. पायांत मोजे होते."

"दाखवा."

तिने एक मोजा ओढला. खाली दुसरा निघाला. तोही ओढला. त्याचं पाऊल हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली. पाऊल पांढरट, कोरडं, तिच्या स्वतःच्या पावलांइतकंच गार.

"कधीपासून?"

"थंडीच्या सुरुवातीपासून."

"म्हणून सरकत होता होय पलीकडे? मला वाटलं, माझ्या पायांचा कंटाळा आला तुम्हाला. म्हटलं, इतक्या वर्षांनी कंटाळा यायचाच."

"तुला काय वाटेल ते वाटतं."

"सांगायचं की मग."

"सांगितलं असतं तर नेलं असतंस हॉस्पिटलात."

"नेणारच आहे," बायको म्हणाली. "आधी चादर बदलू द्या."

सोमवारी दोघं गेली. शेगडीने कपाटातला धुवट शर्ट घातला, कुणाचा तरी निरोप घ्यायला निघाल्यासारखा. वाटेत शिंप्याला म्हणाला, येतो. शिंप्याला त्यातलं काही कळलं नाही, तो म्हणाला, येताना दोरा आणा, काळा.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी गळा चाचपला, नाडी धरली, पापण्या ओढून बघितल्या, रक्त काढून घेतलं. गार कधीपासून वाटतंय, विचारलं. शेगडी आठवत बसला.

"पीठ बसायला लागलं तेव्हापासून," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मग बायकोने रजईपासून रबरी पिशवीपर्यंत सगळं सांगितलं, ओला डागसुद्धा सोडला नाही. शेगडी खिडकीबाहेर बघत होता. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता हसल्या, पण लिहून मात्र सगळं घेतलं. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. गळ्यातली एक ग्रंथी आळसावली आहे, अंगातली भट्टी तीच चालवते. सकाळी उपाशीपोटी रोज एक गोळी. डोस बेताबेताने वाढवायचा, फरक पडायला वेळ लागेल, घाई करायची नाही.

"म्हणजे ठेवून नाही घेणार?" शेगडीने विचारलं.

"कशाला? गोळी घ्या आणि घरी जा."

तो खुर्चीतून उठलाच नाही लगेच. बायकोला दंडाला धरून उठवावं लागलं. येताना त्याने काळा दोरा आणला.

घरी आल्यावर बायकोने कात्री घेतली आणि ओव्हनचं खोकं फोडलं. शेगडी पलंगावर बसून बघत होता. दोरी तुटली, पुठ्ठा फाटला, आतला पांढरा थर्माकोल किरकिरत निघाला. तिने ओव्हन ओट्यावर मांडला, बटणं वाचली, पिन लावली. आत दिवा लागला.

"चांगला आहे," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "फुगेल त्यात छान."

"मोजे काढा," बायको म्हणाली.

"आं?"

"काढा म्हणते ना."

तिने त्याचे दोन्ही जोड मोजे आणि बनियन ओव्हनमध्ये जाळीवर पसरले, पीठ फुगवायचं बटण दाबलं आणि पदर खोचून समोर उभी राहिली. सगळं कोमट झाल्यावर काढून त्याच्या अंगावर चढवलं. त्याने डोळेच मिटले.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तेच. मुलीचा फोन आला, "आई, ओव्हन वापरतेस ना?"

"वापरते की. रोज दोनदा."

"काय करतेस त्यात?"

"तुझे बाबा फुगवते."

शनिवारी ती पातेलं घेऊन पलंगाशी आली तेव्हा तो अंग चोरून बसला. "उगाच वाया घालवू नको. ओव्हनमध्ये ठेव. माझ्यात नाही आता ती आच."

"आच नाही तर नाही. धग आहे ना?"

"तेवढ्याने नाही उठायचं ते."

"सावकाश उठेल. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय? वळा तिकडे."

तो वळला. गरम बनियन, गरम मोजे, पोटाशी पातेलं. चहाची वेळ झाली, त्याने बोट दाबून बघितलं. थोडंसंच हललं होतं. बायको खुर्चीत मटार सोलत बसली होती, तिने विचारलंही नाही. ऊन भिंतीवरून कपाटावर गेलं, कपाटावरून निघून गेलं. खाली मशीन थांबलं.

"काकू," शिंप्याने हाक मारली, "आज फारच अडलंय का? सुईण बोलवू?"

"वय झालंय बाळंतिणीचं," बायकोने खिडकीतून उत्तर दिलं. "थांबा म्हणावं."

"थांबतो. शटर अर्धंच ओढतो."

रस्त्यावरचे दिवे लागले. बायकोने मटाराच्या साली गोळा केल्या, हात धुतले आणि परत येऊन पलंगाच्या कडेला टेकली. तिने रजईखाली पाय सरकवले आणि सवयीने त्याच्या पोटऱ्यांना लावले. मोजे होते मध्ये, पण तो दचकला.

"मेलो गं," तो म्हणाला.

तिने पाय काढले नाहीत. तोही सरकला नाही. थोड्या वेळाने त्याने फडक्याखाली हात घातला, बोट दाबलं आणि वाट बघितली. खळगा सावकाश, अगदी सावकाश भरून आला. त्याने पुन्हा एकदा दाबून बघितलं, कारण आता खोटं बोलायचं नव्हतं.

"उठलंय," तो म्हणाला.

त्या दिवशीचे बन जेवणाच्या वेळेला झाले आणि त्यांना कधी नव्हता असा वास आला. संथ फुगलेल्या पिठाला येतो तसा, खोल. शिंपी दाराशी उभा होता, पण बायकोने पहिला बन त्याला दिला नाही. बशीत घालून, वर पाक लावून, चहाबरोबर ट्रेमध्ये मांडून ती पलंगाशी घेऊन गेली, थेट मेट्रनच्या ऐटीत.

शेगडीने ट्रेकडे बघितलं.

"सोडलं वाटतं मला घरी," तो म्हणाला.

"घरीच आहात," बायको म्हणाली. "गरम आहे तोवर खा."